वाणसामानाची महागाई आणि पहाडावरील आपला संसार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जिवती येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस व्याख्यानाचे निमंत्रण दिले आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल आम्ही प्रथम आभार मानतो. या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडा, व्यसनमुक्ती या विषयांवर दरवर्षी भाषणे होतात व ती व्हावयासच पाहिजेत. आमचा विषय मात्र गतवर्षीच्या मेळाव्यात, मांडवाच्या मागे जेथे स्वयंपाक चालला होता तेथे सापडला. वरणासाठी आणलेली तूरडाळ आचारी पातेल्यात ओतीत होता. कामास उभ्या असलेल्या भगिनींपैकी एक पोक्त बाई त्यास म्हणाल्या, "बाबा, निम्मी डाळ राहू दे आणि पाणी वाढव. घरी तरी आम्ही निराळे काय करतो?" सगळ्याजणी हसल्या. आम्हीही हसलो. घरी परतल्यावर आम्ही सौभाग्यवतींस विचारले, तेव्हा कळले की आमच्या स्वतःच्या घरातही तीन वर्षांपासून वरण असेच पातळ होत आले आहे आणि त्याचा पत्ता तेवढा आम्हांस नव्हता. आयुष्यभर मुलांना नफातोट्याची गणिते शिकविणाऱ्या शिक्षकास घरचा तोटा दिसू नये, ही लाजेची गोष्ट होय. त्या दिवसापासून आम्ही एक वही घातली. घरात आलेला प्रत्येक जिन्नस, त्याचे वजन, त्याचा भाव, आणि तो रोखीने आला की उधारीने, हे सर्व तीत लिहिले. आज जे बोलणार आहोत ते बव्हंशी त्या वहीतले आहे.

गेल्या काही वर्षांतील भाववाढ आपण सर्वांनी सोसली आहे. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत जाऊन आली. २०२२ साली युक्रेनात युद्ध पेटले, त्याच वर्षी एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबविली, आणि ज्या घरांनी त्या देशांची नावेही ऐकली नव्हती त्या घरांतून सणाच्या पुऱ्यांचा बेत रद्द झाला. २०२३ च्या जुलैत कित्येक शहरांतून टोमॅटो किलोला दोनशेच्या पलीकडे गेला. येथे आम्ही चिंचेवर भागविले. २०२४ च्या ऑक्टोबरात अन्नपदार्थांच्या महागाईचा सरकारी दर शेकडा १०.८७ होता. पुढे वारे फिरले. २०२५ च्या ऑक्टोबरात एकूण किरकोळ महागाईचा दर शेकडा ०.२५ इतका खाली आला, भाज्या व डाळी उतरल्या, तेल तेवढे चढेच राहिले. ही बातमी आम्ही मोठ्या आनंदाने घरात वाचून दाखविली. शेती पाहणारे आमचे चिरंजीव भाकरी खात होते. ते मान वर न करता म्हणाले, "डाळ उतरली म्हणजे तूरही उतरली, बाबा."

त्यांच्या या एका वाक्याने आमची वही आम्हांस निराळी दिसू लागली. नागपूर-मुंबईच्या नोकरदारास स्वस्ताईचे सुख निर्भेळ मिळते, कारण तो केवळ घेणारा असतो. आपल्या पहाडावरील घर एकाच वेळी विकणारे व घेणारे आहे. सोयाबीनचेच पाहा. २०२४ च्या सप्टेंबरात सरकारने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयातशुल्क शेकडा ५.५ वरून २७.५ वर नेले. देशातील सोयाबीन उत्पादकास भाव मिळावा, हा हेतू. तेल ऐन दिवाळीत महागले. सोयाबीनचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात ते त्याहून कितीतरी खाली विकले जात होते. पुढे २०२५ च्या मेअखेर ग्राहकांच्या सोयीसाठी ते शुल्क पुन्हा कमी करण्यात आले. शुल्क चढविले तेव्हा आमच्या सुनबाई तेलाच्या पिशवीपुढे थबकल्या, आणि उतरविले तेव्हा चिरंजीव काळजीत पडले. दोघांची चूल एकच.

क्विंटलभर सोयाबीनातून अठरा-वीस किलोच्या आत तेल निघते, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याकडे जाते. ते गाळण्याची सोय घरी होणे नाही, हे आम्ही जाणतो. तुरीचे मात्र तसे नाही, म्हणून तिचा हिशेब थोडा विस्ताराने सांगतो. तूर क्विंटलला ७,५५० रुपयांनी गेली असे धरू. २०२४-२५ चा हमीभाव तेवढा होता, हाती येतो तो बहुधा कमीच. क्विंटलभर तुरीची गिरणीत साधारण सत्तर किलो डाळ उतरते. म्हणजे आपल्याच तुरीची डाळ आपणास किलोमागे सुमारे १०८ रुपयांस पडते, भरडाई निराळी. सहा माणसांच्या घरास दरमहा चार किलो, वर्षास ४८ किलो डाळ लागते. दुकानात ती १४० रुपयांनी मिळते असे धरले, तर वर्षाकाठी दीड हजार रुपयांचा फरक पडतो. सभेत कोणी म्हणेल, मास्तर, दीड हजारासाठी एवढे भाषण? त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच आम्ही येथे थांबत नाही. खरा घाव डाळीच्या भावात नसून ती कशी विकत घेतली जाते यात आहे.

त्याआधी थोडे मागे जाऊ. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे मराठवाड्यातून या माणिकगड पहाडावर आली, बरीचशी १९७२ च्या दुष्काळात. राजुऱ्याचा हा मुलूख १९५६ पर्यंत निजामाच्या राज्यातून आलेल्या हैदराबाद राज्यात होता, नंतर तीन वर्षे नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ पासून चांद्यात. त्यामुळे नांदेडकडच्या माणसास ही वाट अगदीच परकी नव्हती. आमचे वडील आम्हांस घेऊन आले तेव्हा आम्ही सात वर्षांचे होतो. गावी असताना दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि शिध्याची लाल मिलो आम्ही खाल्ली आहे. तिची भाकरी थापताना मातोश्रींच्या हाताखाली तुटत असे व त्या निमूटपणे ती पुन्हा जुळवीत. पहाडावर दोन पिके निघाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की शेजारच्या कोलामगुड्यातून बांबूची कणगी विणून घेतली व शेणमातीने लिंपून ती ज्वारीने भरली. तूर भिजवून, उन्हात वाळवून, जात्यावर त्या स्वतः भरडीत व सुपाने पाखडीत. त्याच गुड्यातील बायांनी त्यांना पावसाळ्यातील तरोट्याची भाजी, काटवले आणि बांबूचे कोवळे वास्ते दाखविले. बाजारातून मीठ, गूळ, चहापत्ती, घासलेट आणि घाण्याचे थोडे तेल एवढेच येई.

त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. कणगी आषाढात रिती होई आणि मग अर्धपोटी दिवस येत, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु आज आमच्या घरची किराण्याची यादी अडतीस जिन्नसांची आहे, आणि तीत ज्वारीसुद्धा आहे! शेतात कापूस व सोयाबीन वाढले. ज्वारी, मूग, उडीद बांधाकडे सरकले. पूर्वी जे कणगीतून निघे ते आता चंद्रपूर, बल्लारपूर, गडचांदूरहून घाट चढून टेम्पोने येते आणि भाडे आपल्या माथी बसते.

आता उधारीकडे येऊ. आमच्या वहीतील एका महिन्याचे अकरा जिन्नस आम्ही गडचांदूरच्या रोख भावाशी ताडून पाहिले. पहाडावर उधारीने घेतल्यामुळे शेकडा बारा जास्त पडले होते. यात भाड्याचा वाटा आहेच, पण उरलेला भाग व्याजाचा आहे. तो पावतीवर लिहिलेला नसतो एवढेच. आणि ही उधारी कोणी हौसेने करीत नाही. पहाडावरील कित्येक शेतकऱ्यांच्या कसत्या जमिनीचा पट्टा वर्षानुवर्षे वनखात्याच्या व महसूलखात्याच्या कागदांत अडकून पडला आहे. पट्टा नाही म्हणून बँकेचे पीककर्ज नाही. कर्ज नाही म्हणून बियाणे व खत व्यापाऱ्याकडून उधार. आणि म्हणून कापूस-तूर घरात येताच ती पहिल्या भावास त्याच्याच काट्यावर. जी तूर जानेवारीत नाइलाजाने गेली, तिचीच डाळ आपण ज्येष्ठात वहीवर लिहून आणतो. पाणी वाढविलेल्या वरणाचे मूळ तहसील कचेरीतील कपाटापर्यंत जाते, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

या मांडवात आपलेच काही बंधू किराणा दुकानदार बसले आहेत, व त्यांची आम्हांस भीड वाटते हे कबूल करतो. पण त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगणे कर्तव्य आहे. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते बंद असता याच दुकानांनी घराघरांस पीठ-मीठ पुरविले, आणि कापूस हाती येईपर्यंत पैसा मागितला नाही. ज्यांची उधारी बुडाली त्यांनी ती कोणाकडे रडून दाखविली नाही. म्हणून त्यांस दोष देण्यास आम्ही उभे नाही. त्यांस एवढीच विनंती आहे, की दुकानात रोखीचा भाव निराळा व उधारीचा भाव निराळा, असे दोन रकाने फळ्यावर लिहून ठेवावेत. घेणाऱ्यास आपण किती व्याज देतो ते डोळ्यांनी दिसू द्यावे.

महागाईस तोंड देण्याचे जे उपाय आपल्या घरांतून आपोआप चालतात, त्यांपैकी काही शहाणपणाचे आहेत आणि काही फसवे. लहान पुडी घेणे हा फसवा उपाय. पाच रुपयांची बिस्किटांची पुडी आजही पाच रुपयांचीच आहे, पण आत बिस्किटे किती राहिली ते मुलांस विचारा. सोयाबीन तेलाच्या एक लिटर पिशवीत सुमारे ९१० ग्रॅम तेल भरते. आता त्याच आकाराच्या दिसणाऱ्या पिशव्या आठशे, साडेआठशे ग्रॅमच्याही येतात. भाव पाहून जी स्वस्त वाटली ती वजनाने महाग निघाली, असा अनुभव आमच्या वहीत तीनदा नोंदलेला आहे. पिशवीवर बारीक अक्षरांत वजन छापलेले असते, आणि ग्रॅमचा वा किलोचा दरही आता छापावा लागतो; शाळेत जाणाऱ्या मुलीस तो वाचावयास सांगा, तिचे गणितही होईल. तसेच, १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद व छापील नावाच्या धान्य-डाळी-पिठावर शेकडा पाच वस्तुसेवा कर बसला. सुटे घेतल्यास तो नाही. डोळ्यांसमोर तोलून घेतलेली सुटी डाळ निवडण्याचे श्रम पडतात, पण ते श्रम आपल्या आया करीतच होत्या.

याहून मोठी एक गोष्ट आहे आणि ती बोलावयास आम्हांस संकोच वाटतो. घरात डाळ कमी झाली म्हणजे ती सर्वांच्या ताटात सारखी कमी होत नाही. प्रथम शेतावर जाणाऱ्यांस, मग मुलांस वाढले जाते, आणि शेवटी बसणारीच्या वाट्यास भातावर तिखट-मीठ येते. आम्ही स्वतः पाहिल्याविना हे सांगत नाही. आमच्या सुनबाईंस गतवर्षी आरोग्य केंद्रात रक्त कमी असल्याचे सांगून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांचा डबा आणि पातळ वरणाचे पातेले यांचा संबंध आमच्या घरात कोणी जोडला नव्हता. १९७२-७३ साली मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध हजारो स्त्रिया रस्त्यावर आणल्या, त्यांच्या हातात लाटणी होती, म्हणून तो लाटणे मोर्चा. पुरुषांनी तोपर्यंत पुष्कळ सभा केल्या असतील. भाजी-भाकरीचा हिशेब मात्र लाटणे घेतलेल्या हाताने सरकारपुढे मांडला. आपल्या मंडळाच्या बैठकीत खर्चाचा विचार होतो, तेव्हा बाया दाराशी बसतात. त्यांस वहीजवळ बसविले पाहिजे, असे आमचे मत झाले आहे.

शिधापत्रिकेचा आधार मोठा आहे, हे नाकारू नये. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो व अंत्योदय घरास पस्तीस किलो धान्य ठरले आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत झाले. उपाशी निजणे त्यामुळे टळले. पण पोट धान्याने भरते आणि अंग डाळीने धरते. आपल्या तालुक्याच्या कडेवरील परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर आदी चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत, त्यामुळे तेथील कित्येक घरांत दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका आहेत. खालच्या गावांस त्यांचा हेवा वाटतो. २०२५ च्या एप्रिलपासून तेलंगणाने बारीक तांदूळ देण्यास प्रारंभ केल्यावर तर तो अधिकच वाटू लागला. आमचे त्या बाजूस सोयरे आहेत, तेथे आम्ही जेवलो. तांदूळ खरोखरच उत्तम होता. वरण आमच्या घरासारखेच पातळ होते, कारण दोन राज्यांच्या दोन कार्डांवरही येते ते मुख्यत्वे धान्यच. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर व पामतेल यांचा 'आनंदाचा शिधा' दिला, तो घरोघरी आनंदाने स्वीकारला गेला. पण सणाचा शिधा तो सणापुरता.

आता आमच्या एका फसलेल्या प्रयोगाविषयी सांगतो. मुंबईत १९७५ साली बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेने ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिची रीत साधी आहे. शेजारची काही घरे मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, माल ठोकीने येतो, आणि तो उतरविणे, वाटणे ही कामे सभासद स्वतः करतात; दुकान नाही, नोकर नाही. हे वाचून दोन वर्षांपूर्वी आम्ही अकरा घरांनी तसेच करून पाहिले. पहिल्या महिन्यात गडचांदूरहून डाळ, साखर, तेलाचे डबे, शेंगदाणे आणि साबण आणले. अंगणात ताडपत्री पसरून माल वाटला, मुलांनी तोलाई केली, आणि खरोखर बचत झाली. दुसऱ्या महिन्यात एका बंधूंनी सांगितले, पैसे कापूस विकल्यावर देतो. ते नात्याने आमचे व्याही लागतात. आम्ही 'हो' म्हणालो. तिसऱ्या महिन्यात असे तिघे झाले, चौथ्यात पाच, आणि पाचव्या महिन्यात टेम्पोच्या भाड्यास पैसा उरला नाही. ज्ञातीत उधारीस 'नाही' म्हणता येत नाही, हे दुकानदार बंधूंस ठाऊक असलेले सत्य आम्हांस चार महिन्यांनी कळले. चूक व्याह्यांची नव्हती, आमच्या भिडेची होती. आणि दुसरी चूक अशी की अकराही घरांतून हिशेबास पुरुषच बसले होते.

यंदा ते काम पुन्हा आरंभावे अशी आमची सूचना आहे, आणि कार्यकारी मंडळाने तीस संमती दिली आहे. पैसा आगाऊ भरावयाचा, आणि ही अट अध्यक्षांस व आम्हांसही लागू. हिशेबाची वही प्रत्येक घरच्या गृहिणीकडे पाळीपाळीने एकेक महिना राहील. यादी पाच जिन्नसांचीच: तेल, साखर, शेंगदाणे, चहापत्ती, साबण. अडतीस जिन्नस आणू गेलो तर आपण पुन्हा बुडू. डाळ या यादीत मुद्दाम घातलेली नाही. तिच्यासाठी संक्रांतीच्या सुमारास तूर निघाली की प्रत्येक घराने विक्रीपूर्वी सत्तर किलो बाजूस काढून ठेवावी. ज्यांस देणेकऱ्याच्या तगाद्यामुळे तेवढीही ठेवता येत नाही, त्यांची नावे गुप्तपणे आम्हांस कळवावी. मंडळाच्या शिल्लक निधीतून त्या सत्तर किलोंपुरती उचल देता येईल काय, याचा विचार चालू आहे. सातबारा ज्यांच्या नावे आहे त्यांनी बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेचीही चौकशी करावी. माल गुदामात ठेवून त्याच्या किमतीच्या शेकडा ७५ पर्यंत रक्कम शेकडा सहा व्याजाने सहा महिन्यांकरिता मिळू शकते आणि पडत्या भावात विकण्याची घाई टळते.

निधीचा प्रश्न निघालाच आहे तर जाता जाता एक बोलतो. आपल्या लग्नांतील पंगतीत चार गोड पदार्थ होऊ लागले आहेत व निम्मे पत्रावळीवर राहतात. याविषयी ठराव करावा असे काहींचे मत आहे. ठरावांवर आमचा फारसा विश्वास नाही. पुढील लग्न आमच्या पुतण्याचे आहे, तेथे एकच गोड राहील, एवढे आम्ही सांगू शकतो. वरण मात्र घट्ट असेल.

नावनोंदणीची वही मांडवाच्या दाराशी ठेविली आहे. पहिले नाव आमच्या सौभाग्यवतींनी स्वहस्ते लिहून पहिल्या महिन्याचे पैसेही भरले आहेत. दुसरे नाव गतवर्षी आचाऱ्यास पाणी वाढविण्यास सांगणाऱ्या त्या भगिनींचे आहे. आज आत जेवण तयार होत असून डाळ पुरती घालावी अशी आचाऱ्यास ताकीद दिलेली आहे.